आतड्यातला कोंब आणि पेशीची वही

आजचा विषय आपण चारचौघीत तर सोडाच, घरातही काढत नाही. शौचातून रक्त पडलं की 'मूळव्याध असेल' म्हणायचं, कुणीतरी सांगितलेली पुडी घ्यायची आणि मिरची तोडायला जायचं, अशी आपली रीत. पुष्कळदा ती मूळव्याधच असते. पण कधी कधी ते रक्त मोठ्या आतड्यात उगवलेल्या मांसाच्या कोंबातून येतं. डॉक्टर त्याला पॉलिप म्हणतात.

पॉलिप म्हणजे कर्करोग नव्हे. बहुतेक पॉलिप काही त्रास न देता तसेच राहतात. थोड्यांचाच पुढे कर्करोग होतो आणि त्यालाही बहुधा दहा-दहा वर्षं लागतात. एवढा वेळ का लागतो, ते समजून घेऊ.

आतड्याचं आतलं अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवं होतं. प्रत्येक नवी पेशी जुनीची वही उतरवून घेते. ही वही म्हणजे डीएनए आणि तिचं एकेक पान म्हणजे जनुक. बचत गटाची वही उतरवताना एक आकडा चुकला, की पुढच्या सगळ्या वह्यांत तीच चूक जाते. पेशीचंही तसंच. 'आता वाढ थांबव' असं सांगणारं पान आहे, त्याचं नाव एपीसी. ते बिघडलं की कोंब फुटतो. मग 'वाढत राहा' म्हणणारं केरास बिघडतं, कोंब मोठा होतो. शेवटी राखणदार पी-५३ निकामी होतं आणि कर्करोग होतो. चुकांची ही पायरी-पायरीची चाल अमेरिकेतल्या फिअरन आणि व्होगेलस्टाइन या शास्त्रज्ञांनी १९९० मध्ये मांडली.

दुसरी गडबड वेगळी असते. पानावरचे आकडे बरोबर असतात, पण दोन पानं चिकटून बसतात. लिहिलेलं आहे, पण वाचता येत नाही. पेशीत मिथाइल नावाचं रसायन जनुकाला चिकटून त्याला असंच गप्प करतं. करवतीसारख्या दातेरी पॉलिपमध्ये हे जास्त दिसतं. त्यांत कधी कधी एमएलएच-१ हे पान चिकटतं. वही उतरवताना झालेल्या चुका दुरुस्त करणं हे त्याचं काम. तेच गप्प झालं, की चुका भराभर साचतात.

अशी चिकटलेली पानं सहसा लेकरांकडे जात नाहीत. पण काही घराण्यांत एमएलएच-१ किंवा त्याच्यासारखं दुसरं पान जन्मापासूनच चुकीचं लिहिलेलं असतं. त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात. ते आईकडून येतं तसंच बापाकडूनही येतं आणि प्रत्येक लेकराला मिळण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून सुनेच्या माहेराला बोल लावू नका. अशा घरातल्या बायकांना गर्भाशयाच्या कर्करोगाचाही धोका जास्त असतो.

मग आपण करायचं काय? आरोग्य केंद्रात तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी होते. आतडं त्यात नाही. म्हणून बोलायचं आपणच. शौचातून रक्त, शौचाची बदललेली सवय, घटणारं वजन, यांतलं काहीही असेल तर डॉक्टरांना सांगा. पाळी गेल्यावरही रक्त कमी भरत असेल, तर नुसत्या लोहाच्या गोळ्यांवर थांबू नका. 'रक्त जातंय कुठून?' असं विचारा. पॉलिप बऱ्याचदा काहीच लक्षण दाखवत नाही. म्हणून आई, वडील किंवा भावंडाला आतड्याचा कर्करोग झाला असेल, तर त्रास नसतानाही तपासणीबद्दल विचारा. चाळिशीत, किंवा त्यांना ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षं आधी, यांतलं जे आधी येईल तेव्हा. लिंच असलेल्या घरात तर त्याहून लवकर.

तपासणी दुर्बिणीतून होते. पॉलिप सापडला तर बहुधा त्याच वेळी तारेच्या फासानं काढतात, पोट फाडावं लागत नाही. पिंपळगावाहून आधी भोकरदनच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवा. पुढच्या उपचारांसाठी छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. घराण्यातल्या कर्करोगाची जनुकीय तपासणी आणि सल्ला टाटा स्मारक केंद्राच्या खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक संस्थेत मिळतो.

ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळी, भाज्या खा. विडी-दारू घरातून घालवा. त्यानं धोका कमी होतो, पण संपत नाही. पॉलिप आपल्याला काही वर्षांची सवड देतो. ती लाजेपायी घालवू नका. गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, की हा विषय काढाच.