पोटातले पाणी

आमच्या घरी १९८७ साली प्रीमियर पद्मिनी आली, तेव्हा मी शाळेत होतो. वडील रोज सकाळी अंघोळ उरकली की तुळशीला पाणी घालीत आणि मग तोच तांब्या घेऊन खाली गाडीपाशी जात. बॉनेट उघडून रेडिएटरमध्ये पाणी घालताना त्यांच्या चेहऱ्यावर तुळशीपुढचाच भाव असे. ‘पद्मिनीला तहान फार,’ असे ते कौतुकाने म्हणत.

वडील गेल्यावर गाडी माझ्याकडे आली, आणि तांब्याही. मी पडलो मराठीचा प्राध्यापक. यंत्रातले माझे ज्ञान ‘यंत्र’ या शब्दाच्या व्युत्पत्तीपाशी संपते. तांब्याभर बोअरचे पाणी घातले की कर्तव्य संपले, अशी माझी समजूत. गेल्या वर्षी कोणीतरी सांगितले म्हणून अर्धी बाटली हिरवे कूलंटही त्यातच ओतले होते.

या मे महिन्यात आईला घेऊन वाईहून पाचगणीला निघालो. पसरणीचा घाट अर्धा चढलो असू-नसू, तोच काटा लाल रेघेला टेकला आणि बॉनेटखालून वाफेचे लोट निघू लागले. मी घाईने उतरलो, रुमाल हाताला गुंडाळला आणि रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, एवढ्यात मागच्या सीटवरून आई ओरडली, “हात लावू नकोस! तुझे बाबा अर्धा तास थांबायचे.”

त्या ओरडण्याने माझा हात आणि तोंड दोन्ही वाचली, हे मला दुसऱ्या दिवशी मिस्त्रींकडे कळले. रेडिएटरचे झाकण आतले पाणी दाबून धरते, म्हणून ते शंभर अंशांच्या वर गेले तरी उकळत नाही. गरम असताना झाकण उघडले की दाब एकदम सुटतो, पाण्याची क्षणात वाफ होते आणि ती थेट अंगावर येते.

मिस्त्रींनी इंजिन पूर्ण गार होऊ दिले आणि रेडिएटरच्या खालचा नळ सोडला. बादलीत जे उतरले ते पाणी नव्हते. उकळून उकळून काळा केलेला चहा होता!

“मास्तर, गाडीला वरून रोज अंघोळ घालता. आतून कधी घातली होती?” मिस्त्रींनी विचारले.

इंजिनाचा ब्लॉक बिडाचा. साध्या पाण्याने तो आतून गंजतो. बोअरचे पाणी जड. त्याचा क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो, आपल्या बंबात बसतो तसाच. मिस्त्रींनी थर्मोस्टॅट काढून ठेवला, म्हणजे पाण्याची वाट मोकळी झाली. मग रबरी नळीने उलट्या दिशेने पाणी सोडले. तांबडे, मग पिवळे, मग गढूळ. निवळशंख पाणी येईपर्यंत तासभर गेला.

“पण वडील रोज पाणी घालीत हो,” मी म्हणालो.

“तिथंच तर गोम आहे! गाडी पाणी पीत नाही. रोज घालावं लागतं म्हणजे ते कुठून तरी जातंय.” त्यांनी खालचा होस पाइप वाकवून दाखवला. क्लिपेपाशी बारीक चीर होती.

मिस्त्रींनी पाइप बदलला, झाकण नवे घेतले, थर्मोस्टॅट जागेवर बसवला. मग अर्धे कूलंट आणि अर्धे डिस्टिल्ड वॉटर असे मिश्रण सावकाश भरले. तयार मिश्रणाची बाटली आणली तर तीत मात्र पाणी घालायचे नाही. आपल्याकडे पाणी गोठण्याची भीती नाही. पण कूलंटमुळे गंज रोखला जातो आणि पाणी उकळायलाही उशीर लागतो. झाकण उघडे ठेवूनच इंजिन चालू केले. आत अडकलेली हवा बुडबुडे सोडीत निघून गेली, तसे पाणी खाली बसले. ते पुन्हा भरून मग झाकण लावले. आता दर दोन वर्षांनी हेच करायचे, असे मिस्त्रींनी बजावले.

भरताना थोडे कूलंट जमिनीवर सांडले. गॅरेजमधले कुत्रे शेपूट हलवीत ते चाटायला आले. मिस्त्रींनी त्याला हाकलले आणि सांडले होते तिथे वाळू टाकली. “चवीला गोड असतं, पण मूत्रपिंडं निकामी करतं. मुलांच्या हाताला लागेल असं ठेवू नका,” ते म्हणाले. बादलीतले पाणीही गटारात न ओतता त्यांनी कॅनमध्ये भरून झाकून ठेवले.

घरी येऊन आईला सारे सांगितले; चिरेचे मात्र सांगायला जीभ रेटेना. वडिलांच्या इतक्या वर्षांच्या मायेला ‘चूक’ कसे म्हणायचे? पण आईच म्हणाली, “तहान नव्हतीच का रे तिला?” आणि थोड्या वेळाने, “माणसांचंही असंच असतं. नुसतं रोज घालत राहायचं, कुठून गळतंय ते बघायचं नाही.”

आता मी रोज सकाळी बॉनेट उघडतो, पाण्याची पातळी नुसती पाहतो आणि मिटतो. तांब्या तेवढा तुळशीपाशीच असतो.