दिल्लीतला रोहेकर

स्वातंत्र्यानंतर सलग सतरा वर्षं परराष्ट्र खातं पंडित नेहरूंनी स्वतःकडेच ठेवलं. मात्र परदेशांशी पैशाची बोलणी करायची वेळ आली, की बहुधा एकच नाव पुढे येई: चिंतामणराव देशमुख.

देशमुखांचा जन्म १४ जानेवारी १८९६ चा, महाडजवळच्या नाते गावातला. बालपण गेलं रोह्यात. (पेण तालुक्यातल्या गागोद्याला विनोबा जन्मले ते त्याच्या चारच महिने आधी. एक पायी देशभर हिंडला, दुसरा फायलींतून वर चढला.) १९१२ साली मॅट्रिकला पहिले, मानाची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती, मग केंब्रिज, १९१८ मध्ये आयसीएसला पहिले. अशा माणसाला राजकारणाची गरज नव्हती, आणि राजकारणालाही त्याची पुष्कळ वर्षं आठवण झाली नाही.

जुलै १९४४ मध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्सला ४४ देशांची परिषद भरली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक यांचा आराखडा तिथला. भारत पारतंत्र्यात होता, शिष्टमंडळाचे प्रमुख जेरेमी रेझमन हे इंग्रज होते. पण रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून देशमुखही त्यात होते. नाणेनिधीत कोणाची किती वर्गणी यावर त्याची मतं ठरणार आणि अडचणीत किती रक्कम उचलता येईल तेही, म्हणून झगडा वर्गणीच्या आकड्याचा होता. भारताच्या वाट्याला ४० कोटी डॉलर, म्हणजे सहावं स्थान आलं. पुढे सोव्हिएत युनियन निधीत आलाच नाही, आणि भारत पाचवा होऊन संचालक मंडळावर त्याची जागा पक्की झाली. शिवाय युद्धखर्चापोटी ब्रिटन आपलंच देणं लागत होता; युद्ध संपेतो ती रक्कम एक अब्ज पौंडांच्या वर गेली. राजा कर्जदार आणि प्रजा सावकार, असा तो विलक्षण मामला!

१९४९ मध्ये नेहरूंनी त्यांना अमेरिका-युरोपसाठी खास आर्थिक राजदूत नेमलं. १९५० मध्ये अर्थमंत्री जॉन मथाई यांनी राजीनामा दिला आणि अर्थ खातं देशमुखांकडे आलं. म्हणजे आधी मंत्री, मग राजकारणी. १९५२ ला काँग्रेसच्या तिकिटावर ते कुलाब्यातून लोकसभेत गेले. रायगड हे जिल्ह्याचं नाव १९८१ नंतरचं. तेव्हा सगळा कुलाबाच. गावोगाव कार्यकर्ते बांधलेत, भांडणं सोडवलीत, असा हा पुढारी नव्हे. त्यांची खरी मिळकत दिल्लीतल्या टेबलावरची: १९५५ मध्ये इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली, जानेवारी १९५६ मध्ये आयुर्विमा सरकारी ताब्यात आला.

त्याच जानेवारीत मुंबई केंद्रशासित ठेवण्याची घोषणा झाली आणि शहरात निदर्शकांवर गोळीबार झाले. देशमुखांनी राजीनाम्याची तयारी दाखवली. तो जुलैत मंजूर झाला. एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळात नीट चर्चेला आलाच नाही, गोळीबाराची चौकशीही होत नाही, हे त्यांनी लोकसभेत नेहरूंसमोर उभं राहून सांगितलं. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतला हा सर्वांत मोठा राजकीय क्षण, आणि तो शक्य झाला कारण गमावण्यासारखा गट त्यांच्यापाशी नव्हता. पण गट नव्हता म्हणूनच पुढे त्या राजीनाम्याचं पीक दुसऱ्यांनी कापलं. १९५७ मध्ये मुंबईसह संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीच्या लाटेत कुलाब्याची जागा शेतकरी कामगार पक्षाकडे गेली. देशमुख तोवर विद्यापीठ अनुदान आयोगावर बसले होते.

नंतर दिल्ली विद्यापीठाचं कुलगुरुपद आलं. राजकारणाने पुन्हा एकदाच हाक मारली, तीही चमत्कारिक वेळी. जुलै १९६९ मध्ये इंदिरा गांधींनी चौदा बँका सरकारी केल्या आणि ऑगस्टमध्ये राष्ट्रपतिपदाची निवडणूक आली. सरकारीकरणाचा उघड विरोधक असलेला स्वतंत्र पक्ष आणि त्याच्या जोडीला जनसंघ यांनी उमेदवार म्हणून निवडलं ते आयुर्विमा सरकारी करणाऱ्या देशमुखांनाच. निवडून आलेल्या व्ही. व्ही. गिरींना पहिल्या पसंतीची ४,०१,५१५ मतं मिळाली, काँग्रेसचे अधिकृत उमेदवार संजीव रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९.