चेता-अंतःस्रावी अर्बुदांवरील संप्रेरकसदृश औषधे

आतड्यात उद्भवणारी काही अर्बुदे अतिशय मंद गतीने वाढतात, हे पाहून म्यूनिकचे विकृतिशास्त्रज्ञ ओबर्नडॉर्फर यांनी १९०७ मध्ये त्यांना ‘कार्सिनॉइड’, म्हणजे कर्करोगासारखी, असे नाव दिले. नावातील हा सौम्यपणा पुढे फसवा ठरला. ही अर्बुदे यकृतापर्यंत पसरू शकतात; आणि त्यांच्या पेशी मूळच्या अंतःस्रावी असल्यामुळे त्यांतील काही सिरोटोनिनसारखी द्रव्ये रक्तात सोडीत राहतात. अर्बुद आतड्यातच असेतोवर हे सिरोटोनिन यकृतातून जाताना बहुतांशी निष्प्रभ होते. यकृतातच अर्बुदाचे ठाणे पडले म्हणजे हा अटकाव राहत नाही. मग चेहरा वारंवार लाल होतो, अतिसार जडतो आणि कालांतराने हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपा जाड व ताठर होतात. डावी बाजू बहुधा वाचते, कारण वाटेत फुप्फुसे सिरोटोनिनचा पुष्कळसा नाश करतात.

या स्रावाला आवर घालणारे द्रव्य शरीरातच आहे. १९७३ मध्ये कॅलिफोर्नियातील साल्क संस्थेत ब्राझो, गिल्मँ व त्यांचे सहकारी मेंढ्यांच्या अधश्चेतकाच्या अर्कात वृद्धि-संप्रेरकास चालना देणारा घटक शोधीत होते. हाती लागला तो नेमका उलट गुणाचा: चौदा अमिनो आम्लांचा, स्राव रोखणारा सोमॅटोस्टॅटिन. तो जठर, आतडे व स्वादुपिंड यांच्या स्रावांनाही आवरतो, असे पुढे दिसून आले. परंतु औषध म्हणून तो जवळजवळ निरुपयोगी होता. रक्तात त्याचे अर्धायुष्य तीन मिनिटांहूनही कमी. सुई काढून घेतो न घेतो तोच तो संपू लागतो.

बाझल येथील सँडोझ कंपनीच्या प्रयोगशाळेत बाउअर व त्यांच्या सहकाऱ्यांनी या अडचणीवर काढलेला तोड रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुद्दाम अभ्यासावा असा आहे. ग्राहीला चिकटण्यासाठी चारच अमिनो आम्लांचा तुकडा अत्यावश्यक असतो. तो राखून त्यांनी रेणू आठ घटकांपुरता आखूड केला आणि काही ठिकाणी नैसर्गिक अमिनो आम्लांऐवजी त्यांची दर्पणरूपे बसविली. ही दर्पणरूपे शरीरातील विकरांना सहजी तोडता येत नाहीत. अशा रीतीने सिद्ध झालेल्या ऑक्ट्रिओटाइडचे अर्धायुष्य सुमारे दीड तासाचे आहे. पुढे महिन्यातून एकदाच टोचावयाचे, सावकाश झिरपणारे रूपही निघाले. लॅनरिओटाइड हे त्याच कुळातील दुसरे औषध होय.

या औषधांनी लक्षणे शमतात, याविषयी वाद नव्हता. अर्बुदाची वाढ थांबते काय, हा प्रश्न मात्र दीर्घकाळ अनिर्णित राहिला. जर्मनीतील ‘प्रॉमिड’ चाचणीत (२००९) ८५ रुग्ण होते. रोग पुढे सरकण्यास लागलेला मध्यमान काळ ऑक्ट्रिओटाइड घेणाऱ्यांत १४.३ महिने, तर निष्क्रिय द्रव्य घेणाऱ्यांत ६ महिने भरला. लॅनरिओटाइडच्या ‘क्लॅरिनेट’ चाचणीतही (२०१४) २०४ रुग्णांत असाच कौल मिळाला. तथापि ‘प्रॉमिड’मध्ये एकूण आयुर्मानात ठळक फरक आढळला नाही. निष्क्रिय द्रव्य घेणाऱ्या बहुतेकांना रोग बळावताच हेच औषध दिले गेले, हे त्याचे एक कारण असावे. माझ्या मते या उपचारास रोगस्तंभन म्हणणेच योग्य. रोग्यालाही ते त्याच शब्दांत सांगावे.

पित्ताशयात खडे होणे हा दीर्घ उपचाराचा परिचित दोष आहे. इन्शुलिन स्रवणाऱ्या अर्बुदात तर विशेष सावधगिरी हवी: हे औषध ग्लुकॅगॉनलाही दाबते, आणि त्यामुळे क्वचित रक्तशर्करा अधिकच खाली जाते. ज्या पेशींवर ग्राहीच नाहीत, तेथे औषधाकडून फारशी अपेक्षा करता येत नाही.

जेथे ग्राही विपुल असतात, तेथे मात्र त्यांचा दुहेरी उपयोग होतो. ऑक्ट्रिओटाइडच्या निकटच्या रेणूला ल्युटेशियम-१७७ हे किरणोत्सर्गी समस्थानिक जोडले की ते थेट अर्बुदाच्या पेशीत पोचते. हे समस्थानिक तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात तयार होते व परळच्या विकिरण वैद्यक केंद्रात रुग्णांसाठी वापरले जाते. ‘नेटर-१’ चाचणीत (२०१७) वीस महिन्यांनंतर या उपचाराच्या गटातील सुमारे ६५ टक्के रुग्णांत रोग पुढे सरकला नव्हता. केवळ ऑक्ट्रिओटाइड दुप्पट मात्रेत घेणाऱ्या गटात हे प्रमाण सुमारे ११ टक्के होते. ल्युटेशियमच्या गटालाही साधे ऑक्ट्रिओटाइड नेहमीच्या मात्रेत चालूच ठेवले होते.