नोकरी मिळाली, पण राहायचे कुठे?

मागच्या उन्हाळ्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. उत्तर नागपुरातला मुलगा. आय.टी.आय. झालेला, इथल्या एका वर्कशॉपमध्ये दोन वर्षे काम केलेला. त्याच्या हातात चाकणच्या एका कारखान्यातील कामाचा कागद होता. म्हणाला, "सर, दुप्पट पगार आहे. जाऊ का?"

मी कागद वाचला आणि त्याला विचारले, "राहणार कुठे?" तो हसला. "तिथं गेल्यावर पाहून घेऊ." हे उत्तर मी आजवर पुष्कळ मुलांकडून ऐकले आहे. नोकरी हा मोठा प्रश्न आणि खोली ही किरकोळ बाब, अशी आपल्या तरुणांची समजूत दिसते. आपल्या समाजाचा अनुभव मात्र नेमका याच्या उलट आहे.

त्या अनुभवाचे सर्वांत ठसठशीत उदाहरण खुद्द बाबासाहेबांचे आहे. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबियात शिकले आणि करारानुसार संस्थानची नोकरी करण्यासाठी सप्टेंबर १९१७ मध्ये बडोद्यास गेले. अकाउंटंट जनरलच्या कचेरीत त्यांची नेमणूक झाली होती. शिक्षण होते, पद होते, पगार ठरलेला होता. नव्हते ते फक्त डोके टेकायला छप्पर. एका पारशी वसतिगृहात नाव बदलून त्यांना राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्याच संध्याकाळी जागा सोडावी लागली. दोन मित्रांकडे विचारणा केली, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही टाळले. मग त्यांनी बागेत बसून वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. नोकरी गेली ती कामातल्या चुकीमुळे नव्हे, घर न मिळाल्यामुळे गेली. ही हकिकत आपण भाषणातून पुष्कळदा सांगतो, डोळ्यांत पाणी आणतो. पण तिच्यातला आर्थिक धडा काढत नाही. राहण्याची सोय नसलेला पगार हा अर्धाच पगार असतो, हा तो धडा.

आता नागपूरकडे पाहू. आपले आजे-पणजे भंडाऱ्याकडून, उमरेड-कुहीकडून इथे आले तेव्हा त्यांनीही हाच हिशेब केला होता. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. गावात बलुत्याची भाकर होती, इथे रोख मजुरी. गावकीचे हुकूम नव्हते, भोंगा वाजला की काम आणि भोंगा वाजला की सुटी. गिरणीत जात संपली होती असे मात्र कोणी समजू नये. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्याचे दार आपल्याला बंद होते, कारण तुटलेला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. जास्त मजुरीचे खाते तेच. तेव्हा "गिरणीत लागला" एवढ्याने भागत नव्हते. कोणत्या खात्यात लागला, हे विचारावे लागत होते. आजही तेच विचारावे लागते.

पण आपल्या वाडवडिलांनी एक गोष्ट शहाणपणाने केली. मजुरीबरोबर त्यांनी जागा धरली. इंदोरा, पाचपावली आणि आसपासच्या वस्त्या अशाच उभ्या राहिल्या. इंदोऱ्याजवळच्या बेझनबागेला तर एम्प्रेस मिलचे व्यवस्थापक बेझनजी मेहता यांचे नाव आहे. जुलै १९४२ मध्ये याच नागपुरात दलित वर्गाची अखिल भारतीय परिषद भरली, तिच्यात स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली, ती उगीच नव्हे. एम्प्रेस मिल १९८६ साली राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ साली कायमची बंद पडली. भोंगा थांबला. ज्यांच्याजवळ दोन खोल्या होत्या त्यांची मुले त्या खोल्यांतच शिकली, कोणी शिक्षक झाले, कोणी रेल्वेत लागले. जे भाड्याने राहत होते ते कुठे पांगले, याचा शोध कोणी घेतला नाही. नोकरी दोन-तीन पिढ्या पुरली, घर त्यापेक्षा अधिक पुरले.

म्हणून त्या मुलाला मी म्हटले, बस, आपण कागदावर मांडू. पुढचे आकडे उदाहरणादाखल आहेत; वाचकांनी आपल्या शहराचे, आपल्या पगाराचे घालावेत.

नागपुरात त्याला अकरा हजार मिळत होते. घर आईचे, भाडे नाही. पेट्रोल आणि चहापाणी मिळून तीन हजार जात, आठ हजार उरत. चाकणच्या कागदावर बावीस हजार लिहिलेले. कपात जाऊन हातात एकोणीस. दोघांत घेतलेल्या खोलीचा त्याचा वाटा पाच हजार, खानावळ चार हजार, जाण्यायेण्याचे अठराशे, फोन-साबण-औषधपाणी बाराशे. बारा हजार गेले, उरले सात. म्हणजे दुप्पट पगारात शिल्लक एक हजाराने कमी! मुलगा कागदाकडे पाहतच राहिला.

आणि हा झाला महिन्याचा हिशेब. पहिल्या दिवसाचा वेगळाच असतो. तीन महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत, म्हणजे त्याच्या वाट्याचे पंधरा हजार. दलालाला एका महिन्याचे पाच. गादी, भांडी, प्रवास यांचे आणखी पाच. पगार हातात येण्यापूर्वी पंचवीस हजार उभे करावे लागणार. महिना सात हजार वाचवले तरी ते भरून निघायला साडेतीन महिने. ते व्याजाने काढले असतील तर विचारूच नका.

यावर कोणी म्हणेल, मग मुलांनी नागपुरातच अकरा हजारांवर कुजावे काय? मुळीच नाही. हिशेबाला दुसरी बाजू आहे. वर्कशॉपमध्ये पाच वर्षांनंतरही तो जवळपास तिथेच असेल. मोठ्या कारखान्यात यंत्र शिकला, हाताला किंमत आली, तर तिसऱ्या वर्षी आकडे पालटतील. पण त्यासाठी दोन गोष्टी आधी कळल्या पाहिजेत. कागद कंपनीचा आहे की ठेकेदाराचा? ठेकेदाराचा असेल तर मुदत किती, आणि यंत्रावर उभे करणार की माल उचलायला लावणार? भविष्य निर्वाह निधीचे खाते क्रमांकासह उघडणार काय? गिरणीतल्या खात्याचा जो प्रश्न आजोबांपुढे होता, तोच हा. गाव सोडा, शहराकडे चला, हे बाबासाहेबांचे सांगणे खरेच आहे. शहरात पोचल्यावर डोळे मिटा असे ते कधी म्हणाले नव्हते.

इथपर्यंतचा हिशेब कोणत्याही गरीब मुलाचा आहे. आपल्या मुलाच्या कागदावर आणखी एक ओळ लिहावी लागते. कोणत्याही मार्गदर्शन केंद्रात ती कोणी लिहून देत नाही. ती ओळ आडनावाची.

सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली व भोवतालच्या शहरांत भाड्याच्या घरांची पाहणी केली, ती २०१५ साली प्रसिद्ध झाली. सवर्ण, दलित आणि मुसलमान अशा ओळखीने घरमालकांकडे विचारणा करण्यात आली. फोनवर दलितांना सुमारे १८ टक्के ठिकाणी साफ नकार मिळाला. प्रत्यक्ष भेटीत हे प्रमाण ४४ टक्क्यांवर गेले. मुसलमानांचे प्रमाण त्याहूनही अधिक होते. ज्यांना नकार मिळाला नाही, त्यांतल्या काहींना जास्त भाडे आणि जाचक अटी ऐकाव्या लागल्या. आपल्याकडचा घरमालक "जात कोणती" असे क्वचितच विचारतो. तो विचारतो, "पूर्ण नाव?" मग "मूळ गाव?", "मांसाहार करता काय?", आणि भिंतीवर फोटो कोणाचा लावणार, हे तो खोली दिल्यानंतर येऊन पाहतो.

याची किंमत रुपयांत मांडता येते. समजा, कारखान्याजवळची पाच हजारांची खोली आडनावामुळे नाकारली आणि दूरची साडेसहा हजारांची घ्यावी लागली. भाडे पंधराशेने वाढले, प्रवास हजाराने. महिना अडीच हजार. सातातून अडीच गेले, उरले साडेचार. अकरा महिन्यांनी मालकाने करार वाढवला नाही तर दलाली पुन्हा. हा जातीचा कर आहे. पगारपत्रकावर तो कुठेही दिसत नाही, म्हणून आपले सुशिक्षित लोकही "शहरात जात राहिली नाही" असे सांगत फिरतात.

अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी हेच भोगले आहे. दक्षिणेतली कापसाची शेते सोडून ते शिकागोस गेले. मजुरी वाढली, पण गोऱ्या वस्त्यांतली घरे त्यांना विकू नयेत असे करार होते, आणि कोंडलेल्या काळ्या वस्तीत एकेका घराचे तुकडे करून जादा भाड्याने दिले जात. असे करार न्यायालयांनी अमलात आणू नयेत, हा निकाल १९४८ साली झाला. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली गुजरातच्या एका प्रकरणात, सहकारी गृहनिर्माण संस्थेने एका समाजापुरतेच सभासदत्व ठेवणे वैध ठरवले. दोन्ही निकाल शेजारी ठेवून विद्यार्थ्यांनी वाचावेत.

कायदा अगदीच हाताशी नाही असे नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे आधी ग्राह्य धरले जाते. आपली मुले मात्र कच्च्या कागदावर सही करतात, अनामत रोखीने देतात आणि निघताना "रंगकामात गेले" हे ऐकून गप्प बसतात.

उलट्या दिशेने येणाऱ्यांनाही दोन शब्द. आज नागपूर वाढत आहे. मिहान, बुटीबोरी, हिंगणा यांच्या नावाने, मेट्रोच्या आणि समृद्धी महामार्गाच्या नावाने प्लॉट विकले जातात. गडचिरोली-गोंदियाकडचा नोकरदार माणूस निवृत्तीचा पैसा त्यात घालतो. सातबारा कोणाचा, जमीन अकृषक झाली काय, ले-आउट मंजूर आहे काय, हे पाहिल्याशिवाय इसार देऊ नये. नागपूर सुधार प्रन्यासचा कायदा १९३६ चा आहे. तरी शहरात अनधिकृत ले-आउट शेकड्यांनी झाले आणि २००१ च्या गुंठेवारी कायद्याने ते नियमित करण्याची वेळ आली. 'आर. एल.' मिळवण्यासाठी प्रन्यासच्या पायऱ्या झिजवलेली माणसे प्रत्येक वस्तीत भेटतील. त्यांना विचारावे, ती फुकट सल्ला देतील. मिहानच्या जाहिरातीत शिवणगाव-खापरी भागातल्या ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांचा उल्लेख नसतो, ही गोष्टही ध्यानात असू द्यावी.

त्या मुलाचे पुढे काय झाले? त्याने ठेकेदाराकडून कामाचे खाते आणि मुदत लिहून मागितली. आठ दिवस उत्तर नाही, मग आले: एक वर्ष, यंत्रावर. दरम्यान त्याने विहारातल्या ओळखीने भोसरीला राहणारा आपल्याच वस्तीतला एक माणूस शोधला आणि पहिले पंधरा दिवस त्याच्याकडे राहायचे ठरवले, म्हणजे खोली घाईत घ्यावी लागणार नव्हती. अनामतीसाठी मामा घर गहाण ठेवा म्हणत होता. आईने साफ नाही म्हटले. "जाय बाबू, पण घराले हात लावू नोको." अनामतीचे पैसे त्याने वर्कशॉपात आणखी तीन महिने काम करून जमवले. ठेकेदार तेवढे थांबला नाही. पुढच्या भरतीत त्याचे नाव लागले. परवा फोन आला होता. तिसरी खोली पाहिली, तिथे पूर्ण नाव सांगूनही मिळाली, भाडे साडेपाच हजार. कराराची नोंदणी करू या म्हटल्यावर मालक जरा नाराज झाला, पण तयार झाला.