माणसं सहा, तारा दोन

बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाची एक खोड असते. घरात कुठलाही प्रश्न निघाला की तो आधी कागद घेऊन रेघा मारतो. मुलीचं स्थळ असो की विहिरीचा पंप, जमेची बाजू डावीकडे, नावेची उजवीकडे. 2012 सालच्या एप्रिलमध्ये आमच्या रत्नागिरीच्या घरात टीव्हीचा प्रश्न निघाला, तेव्हा मी नोकरीत होतो आणि ही खोड अगदी भरात होती.

घरात माणसं सहा. आई, मी, आमची ही, मुलगा, सून आणि चार वर्षांची नात. टीव्ही दोन, एक माजघरात, एक माडीवर. आयपीएलचे सामने रात्री आठला सुरू होत. नेमक्या त्याच सुमाराला आईची मालिका, सुनेचा गाण्याचा कार्यक्रम, नातीची कार्टून्स आणि माझ्या बातम्या. रोज रात्री रिमोटवरून जी जुंपायची, तिच्यापुढे आमच्या शाखेतली कर्जवसुली म्हणजे सत्यनारायणाची पूजा.

एके काळी हा प्रश्न नव्हता. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं, आणि पुढे कितीतरी वर्षं सगळ्या महाराष्ट्राने एकच काहीतरी एकाच वेळी पाहिलं. 1987 साली रविवारी सकाळी ‘रामायण’ लागे तेव्हा एका सेटपुढे अर्धी वाडी बसायची. रेकॉर्ड कशाला करायचं? बघायचं राहिलेला माणूसच नसायचा. (असं मला तेव्हा वाटत असे. त्याबद्दल पुढे येईलच.) मग बरोबर वीस वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1992 ला, झी टीव्ही आला. 15 ऑगस्ट 1999 ला अल्फा मराठी आली आणि घरोघरी संध्याकाळचं वेळापत्रक मालिकांनी आखायला घेतलं. एका सेटपुढचं कुटुंब तेव्हापासून फुटायला लागलं.

व्हीसीआर आमच्याकडे होता. तीन तासांची कॅसेट, तिच्यावर चिकटवलेली चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर खोडून खोडून लिहिलेली नावं. एकाचं दुसऱ्याने पुसलं म्हणून होणारी भांडणं त्या काळात जगभर झाली असणार. अमेरिकेत तर हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. घरी बघण्यासाठी कार्यक्रम रेकॉर्ड करणं हा गुन्हा नव्हे, असं तिथे 1984 साली पाच विरुद्ध चार मतांनी ठरलं. आपल्याकडच्या कॉपीराइट कायद्यातही कलम 39 मध्ये स्वतःच्या खासगी वापरासाठी केलेल्या रेकॉर्डिंगला मुभा आहे. तेव्हा कायद्याची अडचण नव्हती. अडचण होती ती कोणता बॉक्स आणि किती, ही.

मुलाने समजावून सांगितलं ते असं. छपरावरच्या छत्रीवर सगळ्या वाहिन्या एकदमच येऊन पडतात. त्यांतली एक पकडून देणारा भाग म्हणजे ट्यूनर. साध्या बॉक्सात ट्यूनर एक, म्हणून एका वेळी एकच वाहिनी. रेकॉर्डिंगच्या बॉक्सात ट्यूनर दोन आणि आत एक हार्ड डिस्क. एक कार्यक्रम बघत दुसरा साठवता येतो, किंवा दोन साठवता साठवता तिसरा, आधी साठवलेला, बघता येतो. पण दोन ट्यूनर म्हणजे छत्रीपासून तारा दोन. एकच तार जोडून जाणारे कारागीर पुष्कळ. मग लोक महिनोन्‌महिने बॉक्सला दोष देत बसतात.

आमच्यापुढे तीन पर्याय होते. दोन साधे बॉक्स, एक रेकॉर्डिंगचा आणि एक साधा, किंवा दोन्ही रेकॉर्डिंगचे. दुकानदार अर्थातच तिसऱ्याच्या बाजूचा. मी म्हटलं, थांबा. लाल पुठ्ठ्याची एक लांबट वही काढली, सहा रकाने आखले आणि आठ दिवस नोंद ठेवली. कोण, काय, किती ते किती.

हिशेब सुरेख निघाला. घरात माणसं किती, सेट किती याला तसा अर्थ नसतो. एकाच वेळी जास्तीत जास्त किती कार्यक्रम एकमेकांवर चढतात, तो खरा आकडा. आमचा आकडा चार होता, रात्री आठ ते साडेआठ. त्यांतल्या माझ्या बातम्या पुन्हा दहालाही लागत, त्या मी उदारपणे मागे घेतल्या. उरले तीन. माजघरात दोन ट्यूनरचा रेकॉर्डिंगचा बॉक्स, माडीवर साधा बॉक्स, एकूण ट्यूनर तीन. एक पैसा जास्त नाही, एक पैसा कमी नाही. ताळेबंद जुळल्यावर होतो तसा आनंद मला झाला.

सहावा रकाना कोराच होता. तो हिचा. मी विचारलं होतं, तर म्हणाली, “मी काय, येता-जाता बघते.” मी शून्य मांडलं.

बॉक्स आला. दोन तारा आल्या. पहिले काही दिवस घरात एवढी शांतता होती की आईने विचारलं, “अरे, सगळे आहेत ना घरात?”

पहिला धडा जूनमध्ये मिळाला. आमच्या छत्रीला उपग्रह दक्षिणेकडे, थोडा पूर्वेला कलून, आकाशात बराच वर दिसतो. शेजारच्या माडाची झावळी मध्ये येत होती, ती तोडून घेतली होती. पण पावसाचं काय करणार? छोट्या छत्रीवर येणाऱ्या या लहरी बारा गिगाहर्ट्‌झच्या आसपासच्या, लांबी जेमतेम अडीच सेंटिमीटर. कोकणातला टपोरा पाऊस त्यांना वाटेतच गिळतो. केबलवाल्याची ती अवाढव्य छत्री निराळ्या, लांब लहरींवर चाले, म्हणून तिला पावसाचं एवढं भय नसायचं. रत्नागिरीत जुलैत तुम्ही दोन ट्यूनर घ्या की दहा घ्या, सगळे एकाच ढगाखाली. त्यात वीज. बॉक्स बंद पडला की रेकॉर्डिंगचे तुकडे. शेवटी बॉक्स तेवढा इन्व्हर्टरवर घेतला. टीव्ही अंधारात राहिला तरी चालतो, बॉक्स जागा राहिला पाहिजे. माहितीपत्रकात हे कुठेही नव्हतं. आमच्या वहीतही नव्हतं.

दुसरा धडा डिस्कचा. तो खरं म्हणजे त्याआधीच, मे महिन्यात मिळायला हवा होता. साध्या वाहिनीचं चित्र सेकंदाला 4 मेगाबिट धरलं तर तासाला 1.8 जीबी जागा लागते. एचडीला दुप्पट धरा. मुलगा रोजचा सामना एचडीवर साठवायचा, चार तासांचा. म्हणजे रोजचे चौदा जीबी, महिन्याचे चारशेच्या वर, आणि डिस्क पाचशेची. डिस्क भरली की सगळ्यांत जुनं आपोआप पुसावं, अशी सोय त्यानेच करून ठेवली होती. बँकेच्या भाषेत सांगायचं तर ठेवीदाराला न कळवता जुनी खाती बंद.

एका रात्री पाणी प्यायला उठलो. पावणेअकरा झाले असतील. माजघरात दिवा नव्हता, टीव्हीचा उजेड होता. आवाज अगदी बारीक. ही पाटावर बसलेली, सेटच्या जवळ, रिमोट मांडीवर.

“काय बघतेस?”

“झोका,” ती म्हणाली.

म्हणजे ‘उंच माझा झोका’. रमाबाई रानड्यांवरची ती मालिका त्या वर्षी सुरू झाली होती. ती आमच्याकडे जेवणाच्या वेळी लागे. आईला, सुनेला, मला गरम भाकरी एकेक करून पानात पडायची. ती थापणारे हात स्वयंपाकघरात असत आणि कान माजघरात. हिला संवाद पाठ होते. त्या घरातल्या बायका रमाबाईंच्या शिकण्यावर काय काय बोलतात, ते ही शब्दशः सांगायची. चेहरे मात्र माहीत नव्हते. “ती रागावते ती ही होय!” असं म्हणत ती पहिल्यांदा बघत होती. नंतर विचार केला तेव्हा लक्षात आलं, ‘रामायणा’च्या वेळीही रविवारी सकाळी अर्ध्या वाडीचा चहा कोणीतरी करतच होतं.

सुनेने तिला रेकॉर्ड करायला शिकवलं होतं. मला ठाऊकसुद्धा नव्हतं. आणि त्या रात्री ती शोधत होती मागचे सहा भाग. ते नव्हते. त्यांच्या जागी क्रिकेटचे सामने होते.

“गेले असतील,” ती म्हणाली. “होतं असं. जुने झाले की जातातच.”

किती दिवसांपासून जात होते, ते तिने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी वही काढली. माझा हिशेब चुकला नव्हता, पण मी मोजलं होतं ते एका वेळी किती कार्यक्रम लागतात एवढंच. एखाद्या माणसाला बसायला सवड मिळेपर्यंत ते किती दिवस सांभाळून ठेवावे लागतात, हे मोजलंच नव्हतं. मुलाला आज हवा असलेला सामना उद्या शिळा. तो चालू खात्यातला. हिला सवड मिळायची एकादशीला, नाहीतर आई देवळात कीर्तनाला गेली की. ती मुदत ठेव, आणि मी दोन्ही एकाच तिजोरीत कोंबली होती.

19 सप्टेंबरला गणपती होते. डोंबिवलीहून भाऊ, त्याची मंडळी, आते-मामे मिळून घरात चौदा पानं. त्याआधी दुसरा रेकॉर्डिंगचा बॉक्स माडीवर आणून बसवला. भावाला वाटलं, त्याच्यासाठी. सामने माडीवर गेले. माजघरातल्या डिस्कवर आपोआप पुसणं बंद केलं, आणि हिच्या भागांना ‘राखून ठेवा’ अशी खूण करायला मी स्वतः शिकलो. मुलगा म्हणाला, “बाबा, तुमच्या हिशेबाप्रमाणे तर एकच पुरेसा होता.” मी म्हटलं, हिशेब दुरुस्त केलाय. पैसे जास्त गेले हे खरं. पहिल्याच वेळी नीट विचारलं असतं तरी तेवढेच गेले असते.

मे 2021 मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं. छत्री वाकली, विजेच्या येण्याजाण्यात माजघरातला बॉक्स गेला. डिस्क शाबूत होती. मुलाने ती काढून संगणकाला लावली, पण काही वाचता येईना. या बॉक्सांतलं रेकॉर्डिंग कुलूपबंद असतं आणि किल्ली त्याच बॉक्सात. कंपनीचं नाव घेत नाही, तिने नवा बॉक्स देऊ केला. जुन्यातलं काढून देता येत नाही, एवढं नम्रपणे सांगितलं. नऊ वर्षांचं राखून ठेवलेलं त्यात होतं. ही म्हणाली, “बहुतेक बघून झालं होतं.” बहुतेक.

आई आता नाही. नात पुण्याला शिकते. मालिका फोनवर केव्हाही दिसतात, त्यामुळे रेकॉर्डिंगचा विषय घरात निघत नाही. ही फोन मिसळणाच्या डब्याला टेकवून ठेवते, भाकरी थापते आणि बघते. पाऊस फार झाला की नेटही जातं. मग ती फोन उपडा ठेवते आणि माजघरात मी काय लावलंय ते ऐकते. परवा छत्रीचा माणूस आला होता. बॉक्स आता साधा आहे, एकच तार लागते, दुसरी नुसतीच लोंबतेय, कापून टाकू का, असं त्याने विचारलं. मी हो म्हणणार होतो. ही आतून म्हणाली, “असू दे.”