चिठ्ठी कोण लिहिणार?

नाणेघाटाच्या माथ्यावरच्या लेण्यात मागच्या भिंतीकडे मान वर करून पाहा. तिथे ब्राह्मी लिपीत एका राजघराण्याची नावं कोरली आहेत: सिमुक सातवाहन, राणी नागनिका, सातकर्णी, कुमार हकुसिरी. प्रत्येक नावाखाली त्या त्या माणसाची मूर्ती होती. मूर्ती केव्हाच गेल्या, कुठेकुठे पावलांच्या खुणा तेवढ्या राहिल्या. दोन हजार वर्षांत दगडातली माणसं नाहीशी झाली आणि त्यांच्या नावाची चिठ्ठी टिकली! ती चिठ्ठी नसती, तर इथे कोण उभं होतं हे आज कुणालाच सांगता आलं नसतं.

गावच्या संग्रहालयाचा विचार करताना मला आधी ही भिंत आठवते, कारण गावात बहुधा याच्या उलट घडतं. वस्तू असते, चिठ्ठी नसते.

जुन्नर तालुक्यातल्या ओतूरचंच पाहा. मांडवीकाठी कपर्दिकेश्वराचं देऊळ, शेजारी तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी, पलीकडे माळशेजकडे जाणारा रस्ता आणि चहूकडे कांद्याची शेतं. इथल्या जुन्या घरांच्या माळ्यावर पाभर असेल, तिचं चाडं असेल, एखाद्या मोटेचं चाक असेल. विहिरीवर इंजिन आलं आणि मोट थांबली. पण नाडा कुठला नि सोंदूर कुठला, बैल धावेवरून उतरले की थारोळ्यात पाणी कसं कोसळायचं, हे हातवारे करून सांगणारे आजोबा अजून भेटतात. ते सांगतील तोवरच त्या चाकाला चिठ्ठी आहे. त्यांच्यानंतर ते नुसतं लाकूड.

वस्तू आणि त्यांच्या चिठ्ठ्या जपण्याचं काम गावाच्या हातून किती मोठं होऊ शकतं, ते धाराशिव जिल्ह्यातल्या तेरमध्ये दिसतं. संत गोरोबाकाकांचं तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवृत्तात पैठणच्या जोडीनं त्याचं नाव येतं. त्या काळच्या व्यापाराची एक वाट जुन्नरवरून नाणेघाट उतरून कोकणातल्या बंदरांकडे जाई. तेरमधल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात आणि शिवारात सापडणाऱ्या जुन्या वस्तू आयुष्यभर जमवल्या: मणी, शंखाच्या बांगड्या, मातीच्या मूर्ती, नाणी. वीस हजारांहून जास्त वस्तूंचा हा संग्रह आज त्यांच्याच नावाच्या शासकीय संग्रहालयात गावातच आहे. त्यातली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाहून अभ्यासकांना थेट इटलीतलं पाँपेई आठवतं. इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या त्या शहरात 1938 साली तिच्यासारखीच एक भारतीय मूर्ती मिळाली होती.

इतक्या वस्तू वर येतात कशा? मातीच्या भिंती पडतात, लोक त्याच जागी नवं घर बांधतात. चुलीची राख, शेण, चुना, फुटकी गाडगी तिथेच साठत जातात आणि शेकडो वर्षांत पांढरीचं टेकाड उभं राहतं. मग कुणी धाब्यासाठी, कुणी शेतात घालायला ती माती उकरतं. पाऊस झोडपून गेला की मणी उघडे पडतात. इतिहास पहिल्यांदा पाहणारा माणूस बहुतेक वेळा हातात फावडं असलेला गावकरीच असतो.

म्हणूनच त्याच्या नजरेवर सगळं अवलंबून असतं. ओतूरच्याच तालुक्यात, कुकडीकाठच्या बोरीला, ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि त्याच्या संगतीनं अश्मयुगीन दगडी हत्यारं मिळाली आहेत. काही अभ्यासक म्हणतात, ही राख सुमारे 74,000 वर्षांपूर्वी सुमात्रात फुटलेल्या टोबा ज्वालामुखीची. काही तिला कितीतरी जुनी मानतात. हत्यारांचं वय ठरवायचं तर ती राखेच्या वर होती, खाली होती की पाण्यानं वाहून तिथे आली, हे कळायलाच हवं. म्हणजे इथे जागा हीच चिठ्ठी. चांगल्या हेतूनं का होईना, कुणी ते दगड उचलून घरी शोकेसमध्ये मांडले, तर चिठ्ठी फाटली.

कायद्यालाही हे फार पूर्वी उमगलं होतं. 1878 च्या निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली, तर ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. दहा रुपये! शेतकऱ्याला हे सांगायला गावात कुणी असावं, असं मला मनापासून वाटतं. संग्रहालयाचं ते पहिलं काम, काचेची कपाटं नंतर.

आणि काही गोष्टी कपाटात मावतच नाहीत. कपर्दिकेश्वराला श्रावणी सोमवारी तांदळाच्या पिंडी रचतात. त्या जपून ठेवता येणार नाहीत, पण रचणारे हात पाहता येतील, दाणा का घसरत नाही ते विचारता येईल, आणि ही कला कुणाकडून कुणाकडे आली ते त्यांच्याच शब्दांत लिहून घेता येईल. शाळेतल्या मुलांना एकेक वही द्यावी. वस्तू कुणाच्या घरातली, कुठल्या शेतातली, किती हात खोल, सोबत काय होतं, शेवटची कुणी वापरली, तिला घरात काय म्हणत: एवढं विचारून आणायला सांगावं, आणि खाली सांगणाऱ्याचं नाव ठसठशीत लिहायला लावावं. जुन्नरच्या लेण्यांत धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनं दान दिलं तेव्हा तसं कोरून ठेवलं, इरिल नावाच्या यवनानं पाण्याची टाकी दिली तेव्हा त्यानंही कोरून ठेवलं. राजे नसलेली ही माणसं आपल्याला नावानिशी ठाऊक आहेत, ती त्यामुळेच.