छोट्या ट्रॅक्टरची उचल आणि मागचं ओझं



गेल्या काही वर्षांत आपल्या कार्यक्षेत्रातल्या गावागावांत मिनी ट्रॅक्टर आले. कागल, भुदरगड, राधानगरी, करवीर, कुठंही जा, चार-साडेचार फुटी सरीत औत चालवायला, उसाला भर लावायला वीस-पंचवीस अश्वशक्तीचं हे छोटं यंत्र दिसतंच. बैलजोडी परवडत नाही, माणूस मिळत नाही, तेव्हा ते आलं हे बरंच झालं. तक्रार ट्रॅक्टरबद्दल नाही. एकदा दारात आला की त्याच्याकडून वाटेल ते काम करून घ्यायची जी आपली सवय आहे, तिच्याबद्दल आज थोडं सांगायचं आहे.

खताची पोती, रोपांचे ट्रे, ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी असला माल हल्ली पॅलेटवर येतो. पॅलेट म्हणजे मालाखाली ठेवायची लाकडी फळ्यांची चौकट. साधारण चार फूट लांब, सव्वातीन फूट रुंद. गोदामात ती उचलायला वेगळं यंत्र असतं. आपल्याकडं गावातल्या वेल्डरकडून दोन लोखंडी दाते करून घेतात, ते ट्रॅक्टरच्या मागच्या तीन सांध्यांना जोडतात आणि लिव्हर ओढतात. दाते वर येतात, ओझंही वर येतं. मालक खूश! मग क्लच सोडला की पुढची चाकं अधांतरी होतात आणि स्टिअरिंग हातात नुसतं फिरत राहतं.

जुन्या माणसांना हे नवीन नाही. बैलगाडीत मागं जास्त भरलं की गाडी उलाळ व्हायची. जू वर उचललं जायचं, बैलांच्या गळ्याला जोताचा फास बसायचा. शहाणा गाडीवान दोन पोती पुढं सरकवून मगच गाडी जुंपायचा. ट्रॅक्टरचंही गणित तेच आहे. फरक एवढाच, की बैल थांबतो आणि इंजिन थांबत नाही.

ट्रॅक्टर घेताना यादीत लिहिलेलं असतं, ‘उचलण्याची क्षमता ७५० किलो.’ हा आकडा खोटा नसतो, पण तो खालच्या दोन आर्म्सच्या अगदी टोकाशी मोजलेला असतो. चाचणीत टोकापासून ६१० मिलिमीटर, म्हणजे दोन फूट मागं चौकट लावूनही उचल मोजतात आणि तो आकडा कमी भरतो. मध्य प्रदेशात बुदनी इथं केंद्र सरकारची ट्रॅक्टर चाचणी संस्था आहे, तिच्या अहवालात असे आकडे असतात. विक्रेत्याकडं हा दोन फुटांवरचा आकडा मागून घ्या. आपलं पॅलेट त्याच्याच आसपास बसतं.

पण खरी मेख पुढं आहे. हायड्रॉलिकला ओझं उचलता आलं म्हणजे ट्रॅक्टरला ते पेलतं असं नव्हे. उचलणं हे तेलाच्या दाबाचं काम, पेलणं हे ट्रॅक्टरच्या तोलाचं.

एक उदाहरण घेऊ. ट्रॅक्टरचं वजन ८०० किलो. त्यातलं ३२० किलो पुढच्या चाकांवर. पुढच्या आणि मागच्या चाकांत अंतर ५ फूट. मागच्या आसापासून आर्म्सची टोकं अडीच फूट मागं आणि चार फुटी पॅलेटचा मध्य त्याच्याही मागं दोन फूट, म्हणजे एकूण साडेचार फूट. आता मागचा आस हा तराजूचा काटा समजा. पुढच्या बाजूला ३२० गुणिले ५, म्हणजे १६००. याला साडेचारांनी भागलं की येतात ३५५ किलो. मागं एवढं ओझं झालं की पुढच्या चाकांवर काहीच वजन उरत नाही. दाते आणि पॅलेट मिळून ८० किलो धरा. पन्नास किलोची पाच पोती कशीबशी बसतील, सहाव्याला पुढची चाकं जमीन सोडतील.

ही झाली शेवटची मर्यादा. स्टिअरिंग हुकमात राहायचं तर ट्रॅक्टरच्या वजनाचा निदान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर राहायला हवा. आपल्या उदाहरणात १६० किलो. म्हणजे मागं खर्च करायला उरले १६०. गुणिले ५, भागिले साडेचार, उत्तर १७८ किलो. त्यातून दाते-पॅलेटचे ८० वजा करा. हातात राहिली दोन पोती, तीही डीएपीची. युरियाचं पोतं २०१८ पासून ४५ किलोचं झालं आहे, तरी हिशेब फार बदलत नाही.

यादीत ७५० आणि पदरात दोन पोती! वाचून कुणाचाही विश्वास बसणार नाही. म्हणून आमचं ऐकू नका, स्वतः मोजा. जवळच्या वजनकाट्यावर आधी अख्खा ट्रॅक्टर घ्या, मग फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून वजन करा. हे दोन आकडे आणि मोजपट्टीनं घेतलेली दोन अंतरं, एवढ्यावर वरचा हिशेब शाळकरी पोरही करून देईल.

तरीही हाच ट्रॅक्टर शेतात जड औत ओढतो, तेव्हा उलाळ का होत नाही, असं कुणी विचारेल. प्रश्न बरोबर आहे. ही तीन सांध्यांची जोडणी हॅरी फर्ग्युसन यांनी नांगरासाठी बसवली. १९३६ साली तिचा ट्रॅक्टर बाजारात आला. नांगर मातीत असताना वरची लिंक ट्रॅक्टरला पुढं रेटते आणि पुढची चाकं दाबून धरते. नांगराऐवजी ओझं टांगलं की तीच लिंक ट्रॅक्टरला मागं ओढू लागते. जोडणी एकच, पण काम उलटं.

आता उपाय. पहिला म्हणजे ओझं आसाच्या जवळ घेणं. पोती पॅलेटभर पसरू नका, ट्रॅक्टरकडच्या अर्ध्या भागातच रचा. मध्य साडेचारावरून साडेतीन फुटांवर आला की १७८ चे २२८ किलो होतात, जवळजवळ एक पोतं वाढलं. दुसरा म्हणजे पुढची बिडाची वजनं. पुढच्या आसाच्या दीड फूट पुढं १०० किलो लावले तर मागं आणखी १४४ किलो पेलतात. म्हणजे दोनाची चार पोती. मात्र कंपनीनं त्या जागेसाठी दिलेलीच वजनं लावा. आणि बॉनेटवर किंवा बंपरवर दोन पोरं बसवून तोल साधायचा प्रकार आपल्या पाणंदीत सर्रास दिसतो, तो आजपासून बंद करा. पहिल्या खड्ड्याला ते पोर चाकापुढं पडतं.

मागच्या टायरमध्ये पाणी भरून फायदा होईल का, असंही विचारतात. चिखलात चाकाला पकड येते, हे खरं. पण ते वजन बरोबर आसावरच येतं, त्यामुळं पुढची चाकं उचलली जाण्यावर त्याचा काही उपयोग नाही.

मोठ्या ट्रॅक्टरचं औजार किंवा दाते मागून आणून जोडणारेही आहेत. छोट्याच्या खालच्या आर्मची पिन २२ मिलिमीटरची, मोठ्याची २८ ची. ती बसत नाही हीच खरी सूचना आहे, पण आपण बुश ठोकून बसवतो!

ओझं घेऊन चालताना ते जमिनीपासून फूटभरच वर ठेवा. दोन्ही ब्रेक पट्टीनं जोडून घ्या. चढावर पुढची चाकं आणखी हलकी होतात. राधानगरी-भुदरगडकडच्या उताराच्या रानात ओझं मागं असेल तर चढ रिव्हर्समध्ये चढा आणि उतार सरळ उतरा, म्हणजे दोन्ही वेळा ओझं चढाच्या बाजूला राहतं. बांध आडवा आला तर वळसा घाला. उचललेल्या ओझ्याखाली हात-पाय घालायचा नाही, दुरुस्तीलासुद्धा नाही. इंजिन बंद असलं तरी लिव्हरला धक्का लागला की ते खाली येतं.

हंगामातली एक गोष्ट याच्याशीच निगडित आहे. उसाची गाडी चिखलात रुतली की साखळी हाताला येईल तिथं, कधी वरच्या लिंकच्या जागी अडकवतात. साखळी आसाच्या वर बांधली आणि गाडी हलली नाही, तर चाकांऐवजी ट्रॅक्टरच आसाभोवती फिरतो आणि चालकाच्या अंगावर मागं उलटतो. उडी मारायलाही वेळ मिळत नाही. साखळी नेहमी खालच्या ओढपट्टीलाच.

बाकी वीस पोती शिवारात न्यायची असतील तर छोटी ट्रॉली जोडा. ट्रॉलीचं बरंचसं ओझं तिच्याच चाकांवर असतं, म्हणून जे उचलता येत नाही ते ओढता येतं. ट्रॉली नसेल तर पाच-सहा खेपा करा. डिझेल थोडं जास्त जाईल. काट्यावरचा हिशेब झाला की तुमच्या ट्रॅक्टरला किती पोती पेलतात तो आकडा मडगार्डवर रंगानं लिहून ठेवा, कारण ट्रॅक्टर दर वेळी तुम्हीच चालवाल असं नाही.